कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्ममध्ये प्लॅटफॉर्मनिहाय कोड कुठे आणि किती लिहावा: एका दूध पावतीच्या निमित्ताने

खानापूर तालुक्यातील एका दूध संकलन केंद्राचे ॲप मी बेळगावात बसून सांभाळतो. केंद्रातल्या विंडोज संगणकावर ते चालते, वाडीवस्तीवर फिरून दूध घेणाऱ्या मुलाच्या हातात ते अँड्रॉइड फोनवर असते आणि संचालकांपैकी दोघांकडे आयफोन असल्यामुळे हिशेब पाहण्यापुरते तिथेही द्यावे लागले. सभासदांत मराठी बोलणारे आहेत तसे कन्नड बोलणारेही आहेत, म्हणून पावती दोन्ही लिप्यांत छापली जाते. एवढ्याशा कामासाठी तीन वेगळी ॲप लिहिणे परवडणारे नव्हते, त्यामुळे एकदा लिहिलेला कोटलिन कोड अनेक प्लॅटफॉर्मवर वापरू देणारे कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्म निवडले. २०१७ साली कोटलिन १.२ मध्ये प्रायोगिक म्हणून आलेली ही सोय नोव्हेंबर २०२३ मध्ये १.९.२० या आवृत्तीत स्थिर म्हणून जाहीर झाली आणि २०२४ च्या मे महिन्यात गूगलनेही अँड्रॉइडसाठी तिला अधिकृत पाठिंबा दिला, त्यामुळे आता ती गिऱ्हाइकाच्या कामात वापरायला कचरण्याचे कारण उरलेले नाही.

पुढील विवेचन ज्यांनी कोटलिनमध्ये निदान एक अँड्रॉइड ॲप लिहिले आहे त्यांच्यासाठी आहे. कीवर्ड आणि फोल्डरांची नावे आपण बोलताना उच्चारतो तशी लिहिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन लिपीत करायची आहेत.

सामाईक समजून फसलेला कोड

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो. दहा दिवसांचे पहिले बिल निघाले त्या दिवशी केंद्राच्या सेक्रेटरींचा फोन आला, "अहो, फोनवर एक आकडा आणि कॉम्प्युटरवर दुसराच दिसतोय की ओ!" रक्कम एकच होती. फोनवर ती १२,३४,५६७ अशी दिसत होती आणि संगणकावर १,२३४,५६७ अशी. बारा लाखांचा आकडा लाखाच्या घरात गेल्यासारखा वाटला तर हिशेब लिहिणाऱ्या माणसाच्या पोटात गोळा येणारच.

मी दोन्हीकडे जावाचा एकच नंबरफॉरमॅट क्लास आणि एकच भारतीय लोकेल (म्हणजे भाषा आणि प्रदेशानुसार आकडे-तारखा दाखवण्याची ठरलेली पद्धत) वापरले होते. फरक त्या नावामागच्या यंत्रणेत होता. अँड्रॉइडवर जावाच्या या क्लासच्या आत आयसीयू ही युनिकोडची लायब्ररी काम करते आणि तिला पहिले तीन व नंतर दोन-दोन अशी भारतीय गटवारी ठाऊक आहे. डेस्कटॉपवरच्या जेडीकेमधल्या (जावाच्या मूळ संचातल्या) डेसिमलफॉरमॅटला मात्र एकाच मापाचा गट समजतो. साच्यात कितीही स्वल्पविराम घाला, तो शेवटच्या स्वल्पविरामापासूनचे अंतर घेतो आणि सगळीकडे तेच लावतो. म्हणजे पॅकेजचे नाव, क्लासचे नाव आणि मेथडचे नाव एक असूनही वागणूक दोन प्रकारची.

दुसरा धक्का त्याच आठवड्यात बसला. ज्या फोनची भाषा मराठी होती त्यावर आकडे देवनागरीत उमटले, ज्याची कन्नड होती त्यावर रोमन पद्धतीचे, म्हणजे 1, 2, 3 असे. युनिकोडच्या लोकेल माहितीत मराठीचे ठरलेले अंक देवनागरी आहेत आणि कन्नडचे ठरलेले अंक रोमन पद्धतीचे, हे त्यामागचे कारण. पडद्यावर हे चालून जाते, पण हीच स्ट्रिंग सर्व्हरकडे पाठवली किंवा डेटाबेसच्या क्वेरीत जोडली तर पलीकडचा कोड ती वाचू शकेलच असे नाही.

या दोन प्रसंगांवरून मी एक कसोटी धरली आहे: प्लॅटफॉर्मला एखादी गोष्ट आपल्यापेक्षा जास्त खरोखर ठाऊक आहे का? ब्लूटूथ कसे उघडायचे, फाइल कुठे ठेवायची, देवनागरीची जोडाक्षरे पडद्यावर कशी रचायची, हे प्लॅटफॉर्मला ठाऊक असते. दुधाच्या बिलात स्वल्पविराम कुठे द्यायचा हे मला ठाऊक आहे, ते त्याला विचारण्याचे कारण नाही.

पहिली पायरी: जे सामाईक होऊ शकते ते आधी कॉमनमेनमध्ये आणावे

त्या फॉरमॅटरच्या जागी आता कॉमनमेनमध्ये, म्हणजे सर्व प्लॅटफॉर्मच्या सामाईक कोडच्या फोल्डरमध्ये, दहा-बारा ओळींचे एक फंक्शन आहे. रक्कम सर्वत्र पैशांत, लाँग या प्रकारात ठेवलेली असते. फंक्शन आधी चिन्ह बाजूला काढते, मग रक्कम १०० ने भागून रुपये आणि पैसे वेगळे करते. रुपयांच्या स्ट्रिंगचे शेवटचे तीन अंक बाजूला ठेवायचे, उरलेली स्ट्रिंग उलटी करायची, तिचे दोन-दोनचे तुकडे स्वल्पविरामाने जोडायचे, पुन्हा उलटी करायची आणि शेवटी ते तीन अंक चिकटवायचे. रिव्हर्स्ड, चंक्ड आणि जॉइनटूस्ट्रिंग ही तिन्ही फंक्शने कोटलिनच्या सामाईक लायब्ररीत आहेत.

चिन्ह आधी काढण्याचे कारण सांगतो, कारण ते मला ठेच लागून कळले. एखाद्या सभासदाची पशुखाद्याची उचल बिलापेक्षा जास्त झाली की बिल उणे होते. उणे ५० पैशांना १०० ने भागले की भागाकार शून्य येतो आणि शून्याला चिन्ह नसते, म्हणून पावतीवर देणे पन्नास पैशांऐवजी येणे पन्नास पैसे छापले गेले होते.

आकडा आत घेतानाही हीच काळजी घ्यावी. फॅट टाकताना कोणी देवनागरी कीबोर्डवरून अंक टाकतो, कोणी कन्नड, कोणी रोमन. जेव्हीएमवर कोटलिनचा टूडबल देवनागरी अंक स्वीकारत नाही. कोटलिन १.५ पासून सामाईक लायब्ररीत डिजिटटूइंट हे फंक्शन आहे आणि ते युनिकोडमधला कोणत्याही लिपीचा दशमान अंक ओळखते. म्हणून आलेल्या स्ट्रिंगमधील प्रत्येक अक्षर इझडिजिटने तपासावे, अंक असेल तर त्याची किंमत घेऊन रोमन अंक ठेवावा आणि मगच संख्येत रूपांतर करावे. तीन प्लॅटफॉर्मवर तीन प्रकारे सोडवण्याचा मोह होतो, पण इथे एकही प्लॅटफॉर्मनिहाय ओळ लागत नाही.

तारखांसाठी कोटलिनएक्स डेटटाइम, नेटवर्कसाठी केटॉर, डेटाबेससाठी एसक्यूएलडिलाइट, फाइलींसाठी ओकायओ या लायब्ररी आतला प्लॅटफॉर्मनिहाय भाग स्वतः सांभाळतात. आधी त्या पाहाव्यात आणि त्यांतून जे उरेल तेवढेच आपल्या हातचे मानावे. माझ्या बाबतीत दोनच गोष्टी उरल्या: मजकुराचे चित्र करणे आणि छपाई यंत्राला बाइट पाठवणे.

दुसरी पायरी: एक्स्पेक्ट-ॲक्च्युअल की इंटरफेस, हे ठरवावे

कोटलिनची स्वतःची सोय म्हणजे एक्स्पेक्ट आणि ॲक्च्युअल ही जोडी. कॉमनमेनमध्ये एक्स्पेक्ट लावून फंक्शनची फक्त सही, म्हणजे नाव, पॅरामीटर आणि परत येणारा प्रकार, लिहायची, आतला मजकूर लिहायचा नाही. मग अँड्रॉइडमेन, जेव्हीएममेन आणि आयओएसमेन या प्रत्येक संचात त्याच पॅकेजमध्ये, त्याच सहीचे ॲक्च्युअल फंक्शन लिहायचे. एखाद्या प्लॅटफॉर्मवर ते राहिले तर त्या लक्ष्याचे, म्हणजे ज्या प्लॅटफॉर्मसाठी ॲप बांधायचे त्याचे, बिल्डच होत नाही, आणि हाच या सोयीचा मोठा फायदा आहे. पॅरामीटरचे डीफॉल्ट मूल्य एक्स्पेक्टच्या बाजूलाच द्यावे. ॲक्च्युअलमध्ये ते पुन्हा लिहिता येत नाही.

फाइलींच्या नावांकडे दुर्लक्ष करू नये. कॉमनमेनमध्ये पावती नावाची फाइल असेल आणि जेव्हीएममेनमध्येही त्याच नावाची फाइल असेल, आणि दोन्हींत क्लासबाहेरची फंक्शने असतील, तर जेव्हीएमसाठी दोघींचा एकाच नावाचा क्लास तयार होतो आणि कंपायलर तक्रार करतो. म्हणून प्लॅटफॉर्मच्या फाइलीच्या नावात मूळ नाव, टिंब आणि प्लॅटफॉर्मचे नाव अशी रचना ठेवण्याची रीत आहे.

फंक्शनांसाठी ही जोडी मला पटते, क्लाससाठी मात्र मी ती टाळतो. एक तर एक्स्पेक्ट क्लास अजून बीटा अवस्थेत असल्याची सूचना १.९.२० पासूनचा कंपायलर देतो. पण खरे कारण वेगळे आहे. अँड्रॉइडवर बहुतेक कामांना कॉन्टेक्स्ट लागतो, डेस्कटॉपवर तो नसतो. एक्स्पेक्ट क्लासमध्ये कन्स्ट्रक्टर जाहीर केला तर तिन्ही ठिकाणी तो सारखाच असावा लागतो, आणि जाहीर केला नाही तर सामाईक कोडला ती वस्तू तयार करता येत नाही. मग लोक कॉन्टेक्स्ट एखाद्या ग्लोबल व्हेरिएबलमध्ये दडवतात आणि चाचण्या लिहिण्याच्या वेळी पस्तावतात.

अशा जागी साधा इंटरफेस पुरतो. कॉमनमेनमध्ये इंटरफेस लिहावा, प्रत्येक प्लॅटफॉर्मवर त्याचा क्लास लिहावा आणि ॲप जिथे सुरू होते तिथे, म्हणजे अँड्रॉइडच्या ॲप्लिकेशन क्लासमध्ये, डेस्कटॉपच्या मेन फंक्शनमध्ये आणि आयफोनच्या स्विफ्ट कोडमध्ये, तो तयार करून आत द्यावा. याचा आणखी एक लाभ असा की आयफोनचा क्लास थेट स्विफ्टमध्ये लिहिता येतो. कोटलिनला आयओएसवरची ऑब्जेक्टिव्ह-सीची एपीआय दिसतात, पण निव्वळ स्विफ्टमध्ये लिहिलेली लायब्ररी थेट दिसत नाही. अशा वेळी इंटरफेस पूल ठरतो आणि आयफोनचे काम करणाऱ्या सहकाऱ्याला कोटलिन शिकावे लागत नाही.

जे कदापि करू नये ते म्हणजे प्लॅटफॉर्मचे नाव देणारे फंक्शन लिहून सामाईक कोडमध्ये जागोजागी "अँड्रॉइड असेल तर" अशा अटी पेरणे. तसा कोड कंपाइल होतो, चालतोही, पण चौथे लक्ष्य जोडाल त्या दिवशी कोणती अट राहून गेली हे कंपायलर सांगत नाही.

तिसरी पायरी: सामाईक आणि प्लॅटफॉर्मनिहाय कोडमधली शिवण नेमकी कुठे घालावी

आता पावतीकडे येतो, कारण खरे शिक्षण तिने दिले. केंद्रावरचे ५८ मिलिमीटरचे थर्मल छपाई यंत्र इएससी-पीओएस या एप्सनच्या आज्ञापद्धतीवर चालते. त्याला रोमन अक्षरे समजतात, पण अशा स्वस्त यंत्रांत देवनागरी किंवा कन्नडची मांडणी करणारी यंत्रणा नसते. एका यंत्राने कोडपेज बदलून अक्षरे स्वीकारली, तर "लिटर" छापताना ह्रस्व वेलांटी ल च्या पुढे जाऊन बसली. कन्नडमध्ये तर अक्षराखालचे जोडाक्षर ओळीतच शेजारी उतरले. त्यामुळे मजकुराचे कृष्णधवल चित्र करून तेच छापणे हा एकच खात्रीचा मार्ग.

माझा पहिला आराखडा चुकला तो इथे. मी "पावती छाप" नावाचे एकच एक्स्पेक्ट फंक्शन केले आणि पूर्ण काम तीन ठिकाणी लिहिले. मजकूर जुळवणे, ओळी मोडणे, चित्र करणे, बाइट बांधणे, ब्लूटूथ उघडणे, पाठवणे. तीनही ठिकाणी तीनदा. मग दरपत्रक बदलले, एक ओळ वाढली आणि ती मी फोनवर टाकली, संगणकावर विसरलो.

आता हे काम असे विभागले आहे. पावतीवर काय लिहायचे, म्हणजे सभासद क्रमांक, सकाळ की संध्याकाळ, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट वगळून दुधातले घन पदार्थ), दर आणि रक्कम, हे कॉमनमेन ठरवते आणि ओळींची यादी देते. प्लॅटफॉर्मकडे पहिले काम जाते ते एवढेच: ही ओळ, हे अक्षरमाप, ही रुंदी, आणि परत दे राखाडी ठिपक्यांची बाइटॲरे. ती हातात आली की पुन्हा सर्व सामाईक. ५८ मिलिमीटरच्या यंत्राची छपाईची रुंदी साधारण ४८ मिलिमीटर असते आणि दर मिलिमीटरला ८ ठिपके, म्हणजे एका ओळीत ३८४ ठिपके आणि आठ ठिपक्यांचा एक बाइट धरला तर ४८ बाइट. १२८ पेक्षा गडद तो काळा असे धरून आठ-आठ ठिपके एका बाइटमध्ये भरायचे, सर्वांत डावा ठिपका सर्वांत वरच्या बिटमध्ये. आधी चित्र छापण्याच्या आज्ञेचे बाइट, मग रुंदी व उंचीचे प्रत्येकी दोन बाइट, खालचा आधी. यंत्राची स्मृती अपुरी असल्यास मोठे चित्र मध्येच तुटते, म्हणून मी ६४ ओळींचे पट्टे करून पाठवतो. हे सारे गणित कॉमनमेनमध्ये आहे आणि त्याची चाचणी एकदाच लिहिली आहे.

चित्र करण्याचा कोड अँड्रॉइडवर स्टॅटिकलेआउट आणि कॅनव्हासने होतो. डेस्कटॉपवर जावाचे टेक्स्टलेआउट वापरावे. जेडीके ९ पासून त्यामागे हार्फबझ ही अक्षरे रचणारी लायब्ररी असल्यामुळे जोडाक्षरे नीट येतात. तिथे एक खाच आहे. मराठीचा फाँट फाइलीतून उघडला तर त्यात कन्नड अक्षरे नसतात आणि जावा अशा फाँटसाठी आपोआप दुसरा फाँट शोधत नाही, रिकामे चौकोन छापते. कॅनडिस्प्लेअपटू या मेथडने मजकूर कुठपर्यंत दाखवता येतो ते पाहून ओळीचे तुकडे करावेत आणि प्रत्येक तुकड्याला त्याचा फाँट द्यावा. अँड्रॉइड हे स्वतःच करते, आणि म्हणूनच फोनवर पाहून समाधान मानल्यास ही चूक दिसत नाही. विंडोजमधील निर्मला फाँटवर विसंबू नये. तो विंडोज ८ पासून आला आणि केंद्रावरचे संगणक त्याहून जुने असू शकतात. मी नोटो सान्सचे देवनागरी आणि कन्नड फाँट ॲपबरोबरच देतो.

अँड्रॉइड आणि डेस्कटॉप दोन्ही जेव्हीएमचेच, तर त्यांचा एक सामाईक संच का करू नये, असा प्रश्न पडतो. १.९.२० पासूनच्या ठरलेल्या मांडणीत आयफोनच्या प्रत्यक्ष यंत्राचे आणि सिम्युलेटरचे लक्ष्य आयओएसमेनमध्ये आपोआप एकत्र येते, तसा अँड्रॉइड व डेस्कटॉप यांचा संच मात्र आपोआप मिळत नाही. तो हाताने जोडता येतो, पण स्वल्पविरामांच्या प्रकरणानंतर मला त्याची हौस उरलेली नाही.

चौथी पायरी: एखाद्या प्लॅटफॉर्मला जमतच नसेल तर

बाइट पाठवण्याचे काम इंटरफेसकडे दिले आहे. विंडोजवर ब्लूटूथने जोडलेले छपाई यंत्र सीरियल पोर्ट म्हणून दिसते आणि जेसीरियलकॉम या लायब्ररीने त्यात लिहिता येते. अँड्रॉइडवर ब्लूटूथ सॉकेट उघडायचे. अँड्रॉइड १२ पासून त्यासाठी जवळच्या उपकरणांची परवानगी ॲप चालू असताना वेगळी मागावी लागते, ती न मागितल्यास जुन्या फोनवर चालणारे ॲप नव्या फोनवर बंद पडते.

आयफोनवर गाडी अडते. आपल्याकडची बहुतेक स्वस्त यंत्रे जुन्या ब्लूटूथवरची सीरियल पद्धत वापरतात आणि ॲपलच्या उपकरण कार्यक्रमात मान्यता नसलेल्या यंत्राशी तसे बोलण्याची मुभा आयफोनच्या ॲपला नसते. कमी ऊर्जेच्या ब्लूटूथवर चालणारे यंत्र असेल तरच कोअर ब्लूटूथने काम होते. अशा वेळी ॲक्च्युअल लिहायचे म्हणून त्यात टूडू लिहून ठेवण्याचा प्रघात आहे. बिल्ड होते, आणि संचालकाने बटण दाबले की ॲप कोसळते. कोटलिनमधून निघालेला अपवाद, त्या फंक्शनला थ्रोज हे ॲनोटेशन नसेल तर, स्विफ्टला पकडताही येत नाही.

त्याऐवजी न जमणे हे टाइपमध्येच लिहावे. सामाईक कोडला छपाईची वस्तू नलेबल स्वरूपात मिळते. आयफोनवर ती नल असते. त्यामुळे बटण दाखवायचे की नाही हा निर्णय पडद्याच्या कोडला घ्यावाच लागतो आणि कंपायलर तो विसरू देत नाही. आयफोनवर छापण्याऐवजी त्याच ठिपक्यांचे चित्र व्हॉट्सॲपवर पाठवण्याचे बटण दिसते, आणि खरे सांगायचे तर आता अँड्रॉइड फोनवाल्यांचीही तीच मागणी आहे.

पाचवी पायरी: तीनही ठिकाणी चाचणी घ्यावी

कॉमनटेस्टमध्ये लिहिलेली चाचणी प्रत्येक लक्ष्यावर स्वतंत्र चालते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. ते फक्त जेव्हीएमवर चालवतात आणि हिरवी खूण पाहून थांबतात. ग्रेडलचे ऑलटेस्ट्स हे काम सर्व लक्ष्यांवर चाचण्या चालवते. आयफोनच्या सिम्युलेटरवरची चाचणी आणि अंतिम ॲप यांसाठी मॅक लागतोच, त्यामुळे आमच्या कार्यालयातल्या एकुलत्या एका मॅक मिनीवर रोज रात्री ते चालवतो.

रकमेच्या चाचणीत ९९९, १,०००, ९९,९९९, १,००,०००, १,००,००,००० आणि उणे ५० पैसे ही मूल्ये असावीत. पुढे कधी जावास्क्रिप्टचे लक्ष्य जोडले तर आणखी एक चाचणी लागेल, कारण तिथे १.० या डबलची स्ट्रिंग नुसती १ अशी येते आणि फॅटचा रकाना हलतो. बाइट पाठवणाऱ्या इंटरफेससाठी चाचणीत एक खोटा क्लास द्यावा, जो मिळालेले बाइट यादीत साठवतो. मग पट्टे ६४ ओळींचेच झाले का, शेवटचा अपुरा पट्टा हरवला का, हे यंत्राशिवाय तपासता येते.

मजकुराच्या चित्राची तंतोतंत तुलना करू नये. तीन यंत्रणा अक्षरांच्या कडा थोड्या वेगळ्या काढतात आणि चाचणी विनाकारण लाल होते. मी फक्त उंची शून्य नाही, काळे ठिपके आहेत आणि ओळ ३८४ च्या बाहेर गेली नाही, एवढेच तपासतो. उरलेले डोळ्यांनी पाहावे लागते. नवी आवृत्ती देण्यापूर्वी संगणकावरून आणि अँड्रॉइडवरून एकच पावती छापतो, आयफोनवर तिचे चित्र उघडतो आणि तिन्ही शेजारी ठेवतो: सभासदाचे लांबलचक नाव तिन्हीकडे एकाच शब्दावर मोडले आहे का, "लिटर"ची वेलांटी ल च्या आधी आहे का, कन्नड ओळीत रिकामा चौकोन नाही ना. मला कन्नडची जोडाक्षरे पारखता येत नाहीत, म्हणून ती ओळ सेक्रेटरींना पाठवतो आणि त्यांचा होकार आल्याखेरीज आवृत्ती सोडत नाही.